घरात मूर्ती नाही, मग मूर्तिपूजा कोणती? कास्तकार विश्वासी लोकायनं सांगा

वावर_वाशिम
जय ख्रिस्त सगळ्यायले. दोन महिन्यापासून एक गोष्ट सलते, चर्चच्या पाळक साहेबायसमोर बोलायची हिंमत नाही झाली म्हणून इथं लिहितो. आमच्या गावात ख्रिस्ती घरं सहाच. मागच्या वर्षी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. दारात आणला तसे शेजारचे काका हार अन् नारळ घेऊन आले, मायेनंच आले होते, मी म्हटलं काका आमच्यात मूर्तिपूजा नाही, आम्ही फक्त प्रार्थना करतो. ते नारळ घेऊन परत गेले, काही बोलले नाही. मले तेव्हा लय बरं वाटलं, आपण साक्ष दिली असं. समोर रेडियमनं "यहोवा यिरे" लिहून घेतलं, म्हणजे परमेश्वर पुरवठा करील.

आता खरं सांगतो. ट्रॅक्टर आला अन् माहा रविवार गेला. जूनमधी पेरणी, मग सोयाबीनचं थ्रेशर, लोकायचे फोनावर फोन, हप्ता डोक्यावर. उपासना दहाले, अन् दव उतरून काम रंगात येते तेही दहालेच. सप्टेंबर ते डिसेंबर मी मंडळीत, म्हणजे चर्चमधी, दोनदा गेलो, त्यातही एकदा अर्ध्यातून उठलो. त्या दिवशी बायबलातल्या कलस्सैकरांस ३:५ वर संदेश होता, लोभ म्हणजे मूर्तिपूजाच. तेवढं ऐकलं अन् खिशात फोन वाजला, मी बाहेर आलो.

तेव्हापासून रात्री ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकतो तर काकाचा नारळ आठवते. पोटासाठी काम करणं मूर्तिपूजा कशी काय? अन् नसेल तर मले हे टोचते काहून?

संत्रामळा_मोर्शी
भाऊ इतकं मनाले लावून घेऊ नका. सोंगून पडलेल्या सोयाबीनवर पाऊस आला तर दाणा काळा पडते, मग काय भाव भेटते ते तुम्हाले मी काय सांगू. येशूनं स्वतः विचारलं ना, शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, तुमचा बैल विहिरीत पडला तर लगेच काढत नाही का, लूक १४ मधे आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी रविवारी आली तर आम्हीही तोडतो, गाडी दारात उभी असते. लहान पोरं, सासूबाईचं औषध, हे सगळं देवानंच आपल्या गळ्यात दिलं आहे, त्यासाठी राबणं पाप कसं होईल.

जुना_मास्तर_यवतमाळ
ताई, तुमचं म्हणणं खरं आहे, अडचणीचा दिवस वेगळा. पण बैल दर रविवारी विहिरीत पडत नाही, आणि वावर भाऊंनी चार महिन्यांचं लिहिलं आहे.

भाऊ, निर्गम ३२ आणि ३४ दोन्ही एकदम वाचून पहा. मोशे देवाच्या आज्ञा घ्यायला सीनाय डोंगरावर चाळीस दिवस होता, खाली लोकांना धीर निघेना, म्हणून बायकापोरांच्या कानातलं सोनं काढून वासरू ओतलं. आपण एवढंच लक्षात ठेवतो. पण ३२:५ मध्ये मोशेचा भाऊ अहरोन काय म्हणतो, उद्या परमेश्वराचा उत्सव आहे. म्हणजे त्यांनी देवाचं नाव सोडलं नव्हतं हो, वासराच्या पुढ्यात त्याचंच नाव घेत होते. तुमच्या ट्रॅक्टरवरचं यहोवा यिरे वाचलं आणि मला हे आठवलं, राग मानू नका, माझ्या घरातही भिंतीवर वचन आणि कपाटात बँकेच्या पावत्या असंच होतं.

मग ३४ मध्ये आज्ञांच्या दगडी पाट्या दुसऱ्यांदा दिल्या तेव्हा १७ वं वचन, ओतीव देव करू नको, आणि चारच वचनांनंतर २१ वं, सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा. हंगामाचं नाव घेऊन सांगितलंय! मोकळ्या दिवसात काम थांबवणं सोपं आहे, त्यात विश्वास लागत नाही. देव पुरवतो की मी पुरवतो हे हंगामातच कळतं.

आणखी एक, हे आम्हा म्हाताऱ्यांसाठी. चांगली वस्तूही मूर्ती होते. मोशेचा पितळी साप गणना २१ मध्ये देवाच्याच सांगण्यावरून केला, त्याच्याकडे पाहून लोक वाचले, पुढे त्यालाच धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजानं तो फोडला, २ राजे १८:४. इथली बायबल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, १९५३ ची, १९८३ साली पुण्याला गेली, तेव्हा आमच्या घरात असं सुतक होतं की जणू देवच यवतमाळ सोडून गेला. मीही रडलो होतो. कशासाठी रडलो ते फार वर्षांनी समजलं.

दुसऱ्याचा_ड्रायव्हर
मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे म्हणून लिहितो, चुकलं तर माफ करजा. माहा मालक विश्वासी आहे. रविवारी तो मंडळीत पुढच्या बाकावर असते अन् मी त्याच्या वावरात रोटावेटर मारतो. त्याचा रविवार पाळल्या जाते, माहा नाही. दहा आज्ञांत तर लिहिलं आहे, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, सगळ्यायले विसावा.

आमच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद तूप लावतात अन् त्याले म्हणतात, आज आवतन घ्या उद्या जेवायले या. दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाही, कितीही काम असो. मी पूजा नाही करत, पण लहानपणापासून पाहतो अन् मले वाटते ह्या लोकायले विसावा म्हणजे काय ते कळते. वावर भाऊ, तुमच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर कोण आहे?

हिंगणघाट_ते_पुणे
मी कंपनीत आहे, शेती नाही, पण वावर दादांचा खिशात वाजलेला फोन माझाच वाटला. स्तोत्र ११५ मध्ये मूर्तींबद्दल आहे, डोळे आहेत पण दिसत नाही, कान आहेत पण ऐकू येत नाही, आणि त्या बनवणारे त्यांच्यासारखेच होतात. आई गावाहून आली होती, जेवताना काहीतरी सांगत होती, मी स्क्रीन बघत हो हो म्हणत राहिलो, ती मधेच थांबली ते पण मला कळलं नाही.

वावर_वाशिम
सगळं वाचलं, मास्तरायचं दोनदा वाचलं. ड्रायव्हर भाऊ, तुमच्या प्रश्नाले दोन दिवस उत्तर देता नाही आलं. बावीस वर्षाचा पोट्टा आहे, आमच्याच मंडळीतला, त्याची माय एकटीच येते उपासनेले. मी फक्त माह्याच रविवाराचा विचार करत होतो.

काल काकाकडं जाऊन बसलो. नारळ घेतला नाही ते मले आजही बरोबरच वाटते, पण बोललो ते तोऱ्यात बोललो, तेवढं कबूल केलं. काका म्हणे मी तर विसरलो होतो, पण काकू आतून म्हणे, नाही विसरले.

या रविवारी ट्रॅक्टर उभा राहील. तिघायले सोमवार सांगितला, त्यातला एक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेला. पोट्टा रोजीनं आहे, म्हणजे मी विसावा घेतला तर त्याचा रोज बुडते, म्हणून रविवारचा रोज त्याले देतो असं घरी सांगितलं. बायको म्हणते देऊ, पण हप्ता जानेवारीत आहे. वही काढून बसलो आहोत दोघं.