सोरायसिस असताना एक कान अचानक बंद पडला तर स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्यात का?

सायली_सातारा: भावाला बारा वर्षं सोरायसिस. गेल्या महिन्यात सकाळी उठला तर डाव्या कानाने ऐकूच येईना, नुसती शिट्टी वाजत होती. जवळच्या दवाखान्यात मळ म्हणून थेंब दिले, त्यात सहा दिवस गेले. मग ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, कानाची नस कमजोर निघाली. कानाचे डॉक्टर म्हणाले प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू करा, त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या नको. या ओढाताणीत आणखी तीन दिवस गेले. माझ्या मते गोळ्या लगेच द्यायला हव्या होत्या. त्वचेचं नंतर बघता येतं, गेलेला कान परत मिळत नाही.

त्वचा_वैद्य: "त्वचेचं नंतर बघता येतं" याला माझा विरोध आहे. गोळ्या थांबवल्यावर सोरायसिस उसळून अंगभर पुवाचे फोड आणि ताप आलेले रुग्ण मी वॉर्डात सांभाळले आहेत. औषध थेट कानात देता येतं. २०११ साली अमेरिकेतल्या २५० रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. काहींना १४ दिवस रोज ६० मिग्रॅ प्रेडनिसोन (तसंच तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड) देऊन मग डोस उतरवला, बाकीच्यांना दोन आठवड्यांत कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडची चार इंजेक्शनं दिली. दोन महिन्यांनी इंजेक्शनवाले मागे पडले नव्हते. मग सगळ्या शरीराला स्टिरॉइड का पाजायचं?

कान_नाक_घसा: चाचणी बरोबर सांगितलीत. पण ती एकाच कानाच्या, कारण न सापडलेल्या बहिरेपणाची होती. आठवड्या-महिन्यांत दोन्ही कान उतरत गेले तर प्रतिकारशक्तीच आतल्या कानावर उलटल्याचा संशय घ्यावा लागतो, तिथे मी गोळ्यांनीच सुरुवात करतो. शिवाय इंजेक्शन दुखतं, चक्कर येते, आणि ते देणारा माणूस तालुक्याला असतोच असं नाही. छोट्या कोर्सनंतर फोड येणं माझ्या पाहण्यात फार क्वचित आहे. त्या भीतीने पहिले दोन आठवडे घालवायचे नाहीत.

त्वचा_वैद्य: दोन्ही कानांचं मान्य. पण तिथेही गोळ्या किती दिवस चालवणार? त्याऐवजी मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर, कान टिकतो का, हे २००३ च्या चाचणीत पाहिलं होतं, टिकला नाही. गोळ्या द्यायच्याच असतील तर त्वचेचं औषध आधी नीट लावा, आणि पहिल्या दिवशी मला फोन करा, दहाव्या नाही.

कान_नाक_घसा: फोनचं कबूल. सायलीताई, घरी एक करून बघता येतं: तोंड मिटून 'म्म्म्' असा आवाज काढायचा. तो बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पाणी. चांगल्या कानात मोठा वाटला तर नस, मग त्याच दिवशी ऑडिओग्राम.

सायली_सातारा: आत्ता करायला लावलं. उजव्या कानात, म्हणजे चांगल्या कानात, मोठा वाटतो म्हणाला. पहिल्याच दिवशी कुणी हे सांगायला हवं होतं. इंजेक्शनं दहाव्या दिवशी सुरू झाली, तीन झालीत. कालपासून फोनवरचा आवाज डावीकडून थोडा कळतो, शब्द अजून नाही.