आई-बाबांना घेऊन केदार-बद्री कसं करावं? (चार जण, बजेट सव्वा लाख)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आईला केदारनाथ आणि बद्रीनाथ दाखवायचंय, नाशिकहून. आई ६७, दोन्ही गुडघे गेलेत, डावा जास्त. जिना उतरताना कठड्याला धरून आधी डावा पाय खाली टाकते, मग उजवा शेजारी आणते, मग पुढची पायरी, असं चालतं. बाबा ७२, बीपीची गोळी चालू आहे पण चालायला आईपेक्षा बरे. बाकी मी आणि बायको. सगळं धरून सव्वा लाख, यापुढे खरंच ताणता येणार नाही.
आईचे वडील १९७४ साली जाऊन आले होते. त्यांनी आणलेला गंगेचा गडू अजून आमच्या देवघरात आहे, तोंड झाळून बंद केलेलं, कधी उघडला नाही. आई रोज त्याला हळदकुंकू लावते आणि मला जायचंय म्हणते. या वर्षी न्यायचंच असं ठरवलंय.
प्रश्न: टूरवाल्यांबरोबर जावं की स्वतः? मे-जून की सप्टेंबर-ऑक्टोबर? आईसाठी घोडा, पालखी की हेलिकॉप्टर?

सह्याद्री_भटक्या
मी तीनदा गेलोय, तिन्ही वेळा पायी, शेवटच्या वेळी गौरीकुंड ते मंदिर पाच तास चाळीस मिनिटांत. चालत जाण्यासारखं सुख नाही. जुना रस्ता १४ किलोमीटरचा होता, २०१३ च्या पुरात वाटेतलं रामबाडा गाव पूर्ण वाहून गेलं, आता तिथून मंदाकिनी नदी ओलांडून पलीकडच्या काठाने लिंचोलीवरून जावं लागतं म्हणून साधारण १६ झालेत आणि खरा चढ तिथूनच सुरू होतो. रेनकोट नको, पोंचो घ्या, सॅकवरून पण येतो. बूट नवे घेऊन जाऊ नका, महिनाभर आधी वापरून मोकळे करा. सराव म्हणून रोज पांडवलेणी चढा.

मीनल_ठाणे
हेलिकॉप्टरच! आम्ही सासूबाईंना डेहराडूनवरून चारही धाम हेलिकॉप्टरने करवले, पाच रात्री, माणशी दोन लाखांच्या वर गेले पण त्यांना कुठेही त्रास म्हणून झाला नाही, दर्शनाला पण व्हीआयपी रांग. आयुष्यात एकदाच होतं, पैशाकडे बघू नका.

गोदाकाठ
मीनलताई, सव्वा लाख चौघांत मिळून आहेत.

मीनल_ठाणे
मग निदान फाटा नावाच्या गावावरून तरी हेलिकॉप्टर करा, फक्त केदारपुरतं.

अण्णा_सांगली
घोड्याच्या नादी लागू नका एवढंच सांगायला आलो. माझी बायको भीमबलीच्या अलीकडे घोड्यावरून पडली. जनावर कायम दरीच्या कडेनंच चालतं, आतल्या अंगाला वळत नाही, आणि जिनाचा पट्टा सैल झालेला आम्हाला कळला नाही. नशीब आतल्या बाजूला पडली. मनगट मोडलं, दोन महिने प्लास्टर. घोडेवाला पोरगा १५-१६ वर्षांचा, दोन घोडी एकटाच हाकत होता. पट्टा स्वतः ओढून बघा, चढताना पुढं वाका, उतरताना मागं, आणि पावती सरकारी काउंटरवरूनच करा म्हणजे नंबरवाला घोडा मिळतो. आणि उतरताना बसूच नका. गुडघ्याला वाटतं घोडा बरा, पण उतरताना सगळा भार रिकिबीत गुडघ्यावरच येतो.

कोथरूडकर
आम्ही पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, नाव लिहीत नाही. गुप्तकाशीला मुक्काम म्हणून छापलेलं आणि प्रत्यक्षात हॉटेल रुद्रप्रयागच्या जवळ, त्यामुळे केदारच्या दिवशी रात्री दोनला उठवलं. २२ जणांत एक जण मागे राहिला की सगळे ताटकळत. आई-वडील बरोबर असतील तर स्वतःची गाडी करा, पाहिजे तिथे थांबता येतं. पण एक सांगतो, त्यांचा आचारी बरोबर होता, नवव्या दिवशी सुद्धा गरम वरण-भात आणि लिंबाचं लोणचं मिळालं, त्याला तोड नाही.

वैशाली_जळगाव
जेवणाचं मात्र बरोबर. आम्ही स्वतः गेलो तर आठ दिवस आलू पराठा आणि मॅगी. सासऱ्यांचं पोट बिघडलं. मी आता कुठेही जाताना मेतकूट, भाजणी आणि छोटा कुकर नेतेच.

कोथरूडकर
कुकर हॉटेलात लावू देत नाहीत.

वैशाली_जळगाव
धर्मशाळेत देतात की. विचारून बघायचं. हरिद्वारला आम्हाला शेगडी पण दिली.

श्रीपाद_गोवा
एक दुरुस्ती सुचवतो. वर चारही धाम असा उल्लेख झालाय, यमुनोत्री गंगोत्री केदार बद्री हे छोटा चारधाम. शंकराचार्यांचे चार धाम म्हणजे बद्रीनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी आणि रामेश्वर. हल्ली सगळेच मिसळतात. आणि केदार आधी, बद्री नंतर हाच क्रम आहे, उलटा करू नये.

सह्याद्री_भटक्या
क्रमाचं एवढं काही नसतं हो, रस्ता बंद असेल तर जिकडे उघडा तिकडे माणूस जातो.

श्रीपाद_गोवा
रस्ता बंद असेल तर गोष्ट वेगळी. मनाने करताना क्रम पाळावा. आमच्या घरात तीन पिढ्या तसंच गेलोय.

बीड_१९६८
हेलिकॉप्टरचं इतकं सोपं नाही. बुकिंग उघडलं की काही मिनिटांत संपतं. आणि मिळालं तरी ढग आले की उडत नाही. आम्ही फाट्याला दीड दिवस बसून शेवटी खाली आलो. जून २०२५ मध्ये गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर पडलं, सात माणसं गेली, तेव्हापासून घरातल्यांना मी त्याच्यात बसवणार नाही. तरी करायचंच असेल तर तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर, फोनवर तिकीट देतो म्हणणाऱ्याला एक रुपया पाठवू नका. भाडं गुप्तकाशीवरून जाऊन-येऊन माणशी साडेआठ हजारांच्या आसपास होतं, फाटा आणि सिरसीवरून सहाच्या.

दवाखाना_नगर
मी फिजिशियन आहे, यात्रेला दोनदा गेलो आहे. सर्वांनी वाहनाची चर्चा केली, उंचीची कोणी केली नाही. केदारनाथ ३,५८३ मीटर. गुप्तकाशी १,३०० च्या आसपास. हेलिकॉप्टरने ७२ वर्षांचा माणूस काही मिनिटांत सव्वादोन हजार मीटर वर जातो, शरीराला वेळच मिळत नाही. म्हणून हेलिकॉप्टर म्हणजे वयस्करांना सुरक्षित हा समज काढून टाका.
काय करावं: निघण्याआधी दोघांचा ईसीजी, इको, शुगर, आणि तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा जाऊ का म्हणून. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, गोळ्या गाडीच्या डिकीत नाही, अंगावरच्या पिशवीत ठेवायच्या, पावसात रस्ता तुटला तर गाडी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे होता. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, दुकानातून परस्पर घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप, यातलं काही दिसलं तर दर्शनाची वाट बघत थांबू नका, ताबडतोब खाली उतरा. ऑक्सिजनचा छोटा डबा हा उपाय नाही, तो उतरेपर्यंतचा आधार.

सह्याद्री_भटक्या
डॉक्टर बरोबर बोलले. म्हणूनच मी पायी म्हणतो, हळूहळू शरीराला सवय होते.

अण्णा_सांगली
अहो त्यांच्या आईला जिना उतरता येत नाही.

डूनकर_मराठी
मी १९ वर्षं डेहराडूनला आहे, मूळची साताऱ्याची. तुमच्या आईंसाठी वेगळं सुचवते. भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे बंद होतात आणि देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून खाली येते. पहिला मुक्काम रामपूर, दुसरा गुप्तकाशीचं विश्वनाथ मंदिर, तिसऱ्या दिवशी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात. सहा महिने केदारची पूजा तिथेच चालते. उखीमठला गाडी जाते. डोलीबरोबर फौजी बँड असतो, गावातल्या बायका वाटेवर फुलं घेऊन उभ्या असतात आणि देव तुमच्या दोन हातांवरून जातो.

नितीन_डोंबिवली
मी पण हेलिकॉप्टरच सांगेन. फाट्यावरून करा. आणि रजिस्ट्रेशन विसरू नका, उत्तराखंड सरकारच्या साइटवर होतं, त्याशिवाय सोनप्रयागच्या पुढे सोडत नाहीत.

वैशाली_जळगाव
रजिस्ट्रेशन हवंच. आणि सोनप्रयागला आपली गाडी ठेवावी लागते, पुढे पाच किलोमीटर गौरीकुंडापर्यंत तिथल्याच जीपने. पहाटे चारला रांग लागते.

गोदाकाठ
डूनकरताई, तुमचं वाचून आईला दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. तेव्हा बद्रीनाथ उघडं असतं का? आणि थंडी किती?

डूनकर_मराठी
बद्रीनाथ केदारच्या नंतरच बंद होतं, पण अंतर दर वर्षी वेगळं. २०२३ ला केदार १५ नोव्हेंबर, बद्री १८, म्हणजे तीनच दिवस. २०२४ ला ३ आणि १७. २०२५ ला २३ ऑक्टोबर आणि २५ नोव्हेंबर. बद्रीची तारीख दसऱ्याला जाहीर होते, म्हणून हॉटेलची बुकिंगं दसऱ्यानंतरच करा. बद्रीनाथला चढ नाही, गाडीतून उतरून पूल ओलांडला की मंदिर, तप्तकुंड तिथेच. थोड्या पायऱ्या आहेत, आईंना हात धरून नेता येतील. रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून मुक्काम वर नको, पीपलकोटीला करा. उखीमठवरून चोपतामार्गे चमोलीला उतरलात तर जंगलातला फार सुंदर रस्ता आहे, फक्त बर्फ पडलं तर तो बंद होतो, मग रुद्रप्रयाग-कर्णप्रयागवरून जायचं. दिवस लहान असतो, अंधारात डोंगरात गाडी चालवायला ड्रायव्हरला सांगू नका.

नितीन_डोंबिवली
पण मग केदारनाथ झालं कुठे? ज्योतिर्लिंग वर आहे. एवढे पैसे खर्चून मूर्ती बघून यायची?

मीनल_ठाणे
मला पण हेच वाटतं. आईंच्या मनात ती जागा असणार, तो मागचा बर्फाचा डोंगर. नंतर हळहळ राहील. पालखी करा निदान, चार माणसं उचलतात, धक्का लागत नाही.

अण्णा_सांगली
पालखीचा दर वजनावर ठरतो, बारा-पंधरा हजार धरूनच चाला. आणि पाऊस आला की पालखीत माणूस बसल्या जागी गारठतो.

श्रीपाद_गोवा
शास्त्राने विचाराल तर हिवाळ्यात देव उखीमठलाच असतो. तिथलं दर्शन कमी कसं म्हणता येईल? शिवाय आधी उखीमठ, मग बद्री, म्हणजे क्रमही राहतो.

दवाखाना_नगर
उंचीच्या दृष्टीने हा बेत मला सगळ्यांत बरा वाटतो. बद्रीनाथ सुद्धा ३,१०० मीटर आहे हे लक्षात ठेवा, सकाळी जाऊन दुपारी खाली या. वडिलांना तिथे तप्तकुंडात फार वेळ बसू देऊ नका, गरम पाण्यातून एकदम उठलं की बीपी उतरतं.

गोदाकाठ
मंडळी, ठरलं. कोणी हेलिकॉप्टर, कोणी पालखी, कोणी पायी सांगितलं, मनापासून सांगितलं, पण आम्ही उखीमठला चाललोय. आई म्हणाली, मला वर नेताना तुम्ही सगळे माझ्या गुडघ्याकडेच बघत बसाल, देवाकडे कोणी बघणार नाही. देव खाली येतोय तर मी त्याला सामोरी जाते. ज्योतिर्लिंगाचं विचारलं तर म्हणाली, त्र्यंबकेश्वर घराजवळ दिलंय त्याने मला, तेवढं आहे. यावर मी काय बोलणार.
पाडव्याला लक्ष्मीची आवराआवर करून निघायचं, भाऊबीजेला हरिद्वार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुप्तकाशी, म्हणजे डोली तिथे मुक्कामाला असतानाच पोचू, आणि तिच्या मागोमाग उखीमठ. मग बद्रीनाथ, उघडं असेल तर. नसेल तर त्याबद्दल आईची तक्रार नाही. थ्री एसीने जाऊन-येऊन साधारण सोळा हजार, हरिद्वारवरून गाडी सात दिवसांचे पस्तीस, दोन-दोन खोल्यांचे वीस-बावीस, खाणं पंधरा. नव्वदच्या आत बसतंय, उरलेले अडीनडीला हातात राहतील. कुकर नेतोय वैशालीताई.
बहिणीची भाऊबीज चुकते म्हणून ती रुसली होती, आता म्हणते पाडव्यालाच नाशिकरोड स्टेशनवर ओवाळते.
एकच राहिलं. आईला आजोबांचा गडू बरोबर न्यायचाय आणि त्यातलं पाणी ओंकारेश्वराच्या पिंडीवर वाहायचंय. तोंडावरची झाळ काढायला नाशिकात भांडीबाजारात कोणी जुना तांबट माहीत असेल तर सांगा.

अण्णा_सांगली
नाशकात उघडू नका, रेल्वेत सांडंल. आमच्याकडं तांबट आळीत वाढलो म्हणून सांगतो, झाळ मऊ असते. बारकी कानस बरोबर न्या आणि उखीमठला देवळाच्या ओट्यावर बसून हळू घासा. सुरीनं टोचू नका, गडू जुना आहे, पत्रा फाटंल.