तोड कुठे पडते ते बघा

‘दहावी-बारावी देशभर एकच, बोर्डं तेवढी वेगळी’ असं वर कुणीतरी लिहिलंय. शेवटाबद्दल मान्य, पण मधल्या टप्प्यांचं काय? बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोव्यात चौथीनंतर सहसा थेट हायस्कूल, पाचवी ते दहावी. आमच्या सिंधुदुर्गात खेड्यातली बरीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत, मग आठवीला हायस्कूल. २००९ चा शिक्षणहक्क कायदा प्राथमिकची रेघ पाचवीवर आणि आठवीवर मारतो. म्हणजे तिसरंच! सीमेवर बदली झालेल्यांच्या मुलांचे हाल होतात ते इथेच. आमच्या भाच्याला दाखल्याने नाही, चौथीनंतरच्या नव्या शाळेने रडवलं.

आणि राज्यातही सगळं एकसारखं कुठे होतं? १९७५ च्या आधी आपल्याकडे एसएससी अकरावीला असायची. जुनी सर्टिफिकेटं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.