गणपतीचा हॉल आणि काबूलची मंडळी

प्रेषक: सचिव
मंडळी, नमस्कार. नेहमीचा शाळेचा हॉल यंदा मिळत नाहीये. इथल्या, म्हणजे हँबुर्गच्याच, अफगाण हिंदूंच्या देवळाचा खालचा हॉल पाच दिवस मिळू शकतो. भाडं नको म्हणतात, साफसफाई मात्र आपली. शुक्रवारपर्यंत मत कळवा.

प्रेषक: मिलिंद
हॉल चालेल. पण निर्वासित लोकांकडून फुकट घ्यायचं? उलट आपणच वर्गणी काढून त्यांना काहीतरी देऊ या. तिकडे अजून अडकलेत त्यांचा प्रश्न सीएएने, म्हणजे त्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने, सुटलाच आहे म्हणा.

प्रेषक: सुधाताई
मिलिंद, रागावू नकोस, पण दोन्ही वाक्यं चुकली.

सीएएची मुदत बघ: 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेल्यांनाच तो लागू. जलालाबादला शीख-हिंदूंच्या जथ्यावर आत्मघाती हल्ला झाला 1 जुलै 2018 ला. 19 माणसं गेली, त्यात संसदेच्या निवडणुकीला उभे राहिलेले अवतारसिंग खालसा होते. काबूलच्या शोरबाजारातल्या गुरुद्वाऱ्यात सकाळच्या पाठाला जमलेल्यांवर गोळीबार झाला 25 मार्च 2020 ला, 25 जण गेले. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार चालू असताना तिथेही जवळ स्फोट. कार्ते परवानच्या गुरुद्वाऱ्यावर हल्ला जून 2022 मध्ये. यानंतर जे जीव मुठीत धरून दिल्लीला पोचले ते सगळे त्या तारखेच्या पलीकडे. आणि हे हल्ले आयसिसवाल्यांचे, तालिबानचे नव्हेत. आपल्या फॉरवर्डांमध्ये सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. तालिबानचा हिशेब वेगळा: 2001 च्या मे महिन्यात त्यांनी हिंदूंनी पिवळी खूण लावावी असं फर्मान काढलं होतं, आणि वर सांगितलं की हे तुमच्याच रक्षणासाठी.

आता ‘निर्वासित’. सचिवांबरोबर हॉल बघायला गेले होते. एका आजींनी वेलचीचा हिरवा चहा आणि बशीत साखरेत घोळवलेले बदाम ठेवले. दूध नाही, तेव्हा आमच्यातल्या एकांचं तोंड बघण्यासारखं झालं. ती मंडळी आपसात दरी, म्हणजे अफगाणी फारसी, बोलतात, माझ्याशी हिंदी. आजींच्या घरची पैसे बदलण्याची पेढी होती, काबूलच्या सराय शहजादा बाजारात. 1992 मध्ये मुजाहिदीन आले, घरं बळकावली गेली, तेव्हा निघाल्या. त्या आपल्यातल्या बहुतेकांच्या आधी इथे आल्यात. वर्गणी कसली काढतोस!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. काबूलला कलाचा इथे त्यांची स्मशानभूमी. भोवती वस्ती वाढली, लोक धुराची तक्रार करायला लागले, प्रेतयात्रेवर दगड यायला लागले. मग माणूस गेला की आधी पोलीस बोलवायचे. आजी हे सांगताना बदामांची बशी माझ्याकडे सरकवत होत्या.

हिंदू कोण, शीख कोण, अशी काटेकोर वाटणी तिथे नव्हतीच. एकाच घरात दोन्ही, आणि गुरुद्वारा सगळ्यांचा. त्यांनी मला विचारलं, “नामदेवजी तुमच्याकडचे ना?” ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. आपल्या मंडळात किती जणांना पाठ आहेत, हे मी विचारत नाही.

एके काळी लाखाच्या घरात असलेला समाज 2021 पर्यंत काही शेकड्यांवर आला होता. त्या ऑगस्टमध्ये ग्रंथसाहिबही दिल्लीला आणले गेले.

प्रेषक: मिलिंद
ताई, कान पकडतो. मग आरतीला त्यांना बोलवायचं ना?

प्रेषक: सुधाताई
बोलवायचं काय, देऊळ त्यांचंच आहे! आजींनी एवढंच विचारलंय की गणपती पाच दिवसांनी न्यायचा तर मग आणायचा कशाला. यावर माझं उत्तर जरा गडबडलं. कोणीतरी नीट तयार करून ठेवा.

प्रेषक: सचिव
हॉल नक्की. साफसफाईला सहा जण हवेत. आतापर्यंत एकच नाव आलंय, तेही मिलिंदचं, आणि ते मीच लिहिलंय.