मदत हवी आहे: जुन्या फोर-व्हील ट्रॅक्टरचा पुढचा ड्राइव्ह सुटत नाही

मंडळी, ओंडके ओढायला जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर वापरतोय. पुढची चाकं लहान, दोन ॲक्सलमध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या वेगातला फरक सामावून घेणारे गिअर) नाही. चिखलात गडी मस्त चालतो, पण कडक रस्त्यावर आला की पुढच्या ड्राइव्हचा लिव्हर जाम! जरा रिव्हर्स घेतलं की खट्‌कन सुटतो, म्हणजे शाफ्टला पीळ बसतोय हे नक्की. मागचे टायर नवे, पुढचे गुळगुळीत. माझा संशय तिथेच, टायरचा घेर बदलल्याने पुढच्या-मागच्या वेगाचा मेळ बिघडला असावा. पुढच्या चाकांचा कडेचा (जमिनीवरचा) वेग मागच्यांपेक्षा साधारण 1 ते 5 टक्के जास्त लागतो. खडूची खूण करून मागच्या चाकाचे 10 फेरे होईपर्यंत पुढचे मोजणार आहे. तेव्हा ट्रॅक्टर रिकामा ठेवायचा की मागे ओंडका लावून? आणि काउंटी (County, ब्रिटिश ट्रॅक्टर) सारखा चारही चाकं सारखी असलेला ट्रॅक्टर कुणी चालवतं का? त्यातही असं होतं?