जर्मन पाहुणीला नाशिक दाखवायचंय, देवळात सोडतात का?

गंगापूररोडकर: ऑफिसातली जर्मन सहकारी शनिवारी येतेय. पंचवटीच बघायची म्हणते. कपडे, फोटो, प्रवेश, काय काय सांगून ठेवू?

पंचवटीची लेक: माझं माहेर काळारामाच्या मागच्या गल्लीत. सकाळी लवकर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर न्या. रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या, निसरड्या, चपला पटकन काढता येतील अशा हव्यात. खांदे-गुडघे झाकलेले बरे. आणि मोबाइल खिशात! तिथे पिंडदान, अस्थिविसर्जन चालतं. ताजं मुंडण केलेला पोरगा बोटात दर्भ अडकवून भाताच्या पिंडांवर तीळ टाकत असतो, त्याचा फोटो काढणं मला तरी आवडत नाही.

कपालेश्वरात नंदी नाही, ते तिलाच शोधू द्या, मजा येते. काळारामाला १९३० चा बाबासाहेबांचा सत्याग्रह सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दार कोणाला उघडं, हा प्रश्न तिच्याआधी इथल्याच माणसांना पडला होता. सीतागुंफेत पार वाकून उतरावं लागतं. उंच असेल तर आधीच सांगा.

त्र्यंबकरोड: त्र्यंबकेश्वरला मात्र अहिंदूंना आत सोडत नाहीत. तिथलं कुशावर्त कुंड बाहेरून दाखवा, नाहीतर सरळ पांडवलेणी गाठा.

गंगापूररोडकर: आभार ताई! गाडी कुठे लावू?

पंचवटीची लेक: गाडी कसली आणता? रिक्षा करा. आणि मिसळ खाणार असेल तर रस्सा वेगळा मागा हो!