पावसाळ्यात प्रथिनांचे स्फटिक गोठवताना बर्फाची कडी: दोष कुठे?

ताळगाव_लॅब: समुद्री जिवाणूचं एन्झाइम आहे, स्फटिक 2 मोलर अमोनियम सल्फेटमध्ये वाढतात. ताटलीच्या खळग्यातल्या (वेलमधल्या) त्याच द्रावणात, बर्फ होऊ नये म्हणून, 25% ग्लिसरॉल मिसळून स्फटिक त्यात बुडवतो आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवतो. जूनपासून लॅबमधल्या क्ष-किरण मशीनच्या चित्रात 3.90, 3.67 आणि 3.44 अँगस्ट्रॉमवर (अणूंच्या थरांमधलं अंतर) बर्फाची गोल कडी दिसतात. काही स्फटिकांना भेगाही पडतात. इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) पाठवण्याआधी हे सुटायला हवं. चूक ग्लिसरॉलची की हवेची?

स्फटिकमित्र: भेगा ग्लिसरॉलमुळे. तयार द्रावणात वरून ग्लिसरॉल ओतलं की सल्फेट 1.5 मोलरवर उतरतं आणि स्फटिक विरघळू लागतो. ग्लिसरॉल पाण्याच्या जागी घाला. 1 मिलीसाठी: 3.5 मोलर सल्फेट 570 मायक्रोलिटर, 1 मोलर बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) 100, ग्लिसरॉल 250, पाणी 80. ग्लिसरॉल पिपेटच्या टोकाला चिकटून कमी पडतं, म्हणून 315 मिलिग्रॅम तोलूनच घ्या.

कड्यांसाठी आधी स्फटिकाशिवाय नुसतं द्रावण लूपमध्ये (स्फटिक उचलायच्या बारीक फाशात) गोठवा. थेंब काचेसारखा पारदर्शक राहिला आणि चित्रात 3.7 च्या आसपास एकच पसरट कडं आलं, तर द्रावण बरोबर आहे. थेंब दुधाळ झाला तर ग्लिसरॉल कमी पडतंय.

दोनापावल: थेंब स्वच्छ असूनही बारीक ठिपक्याठिपक्यांची कडी आली, तर ते बाहेर चिकटलेलं हिम. गोव्यातल्या जुलैच्या हवेत लिक्विड नायट्रोजनच्या उघड्या डब्यात पांढरा चुरा लगेच तरंगू लागतो आणि लूपसोबत वर येतो. डबा काठोकाठ भरा, वेळोवेळी ताजा नायट्रोजन घ्या, चिमटे हेअर ड्रायरने वाळवूनच परत बुडवा. डबा अर्धवट असला की वरच्या गार वायूच्या थरातून जाताना स्फटिक हळू थंड होतो, तिथेही बर्फ धरतो. लूप स्फटिकाएवढाच घ्या, भोवती द्रव जितका कमी तितकं बरं.

स्फटिकमित्र: अगदी बरोबर. ड्राय शिपरही (गोठवलेले स्फटिक पाठवायचं, नायट्रोजन शोषून ठेवणारं भांडं) भरण्याआधी आतून पूर्ण कोरडा असू द्या. शोषकात पाणी राहिलं तर नायट्रोजन कमी मावतो आणि वाटेतच संपतो. एक्सडीएसमध्ये (क्ष-किरण चित्रांवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) बर्फाच्या कड्यांच्या 3.93–3.87, 3.70–3.64, 3.47–3.41 या पट्ट्या वगळता येतात, पण त्यातले स्फटिकाचे खरे ठिपकेही जातात. स्फटिक एकच उरला असेल तरच तो मार्ग धरा.